सेमिनरीसाठी परदेशात आलेलं कुटुंब: बोलावणं एकाला, सामान सगळ्यांचं

जैतूनपान | रविवार, रात्री ११:४०

जय ख्रिस्त सगळ्यांना. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज लिहितेय कारण घरातले सगळे झोपलेत आणि मला झोप लागत नाहीये. नवरा पाळकीय सेवेसाठी अमेरिकेत एका सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात शिकतोय, एम.डिव. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी), तीन वर्षांचा कोर्स. पाचारणाची जाणीव त्याला लग्नाच्या आधीपासून होती, नोकरी सांभाळून संडे स्कूल, तरुण संघ, दवाखान्यातल्या भेटी सगळं करायचा, मग मंडळीतल्या वडीलजनांनीच म्हटलं की आता रीतसर शिक्षण घे, अर्ज केला, स्कॉलरशिप मिळाली आणि आम्ही चौघं आलो. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीनचा. आठ महिने झाले.

त्याचं छान चाललंय हे आधी सांगते, कारण मला त्याची तक्रार करायची नाहीये. जीव लावून शिकतो, या वर्षी ग्रीक आहे, पुढच्या वर्षी हिब्रू. प्रश्न माझा आहे. मी अकरा वर्षं शाळेत गणित शिकवलं. इथे एफ-२ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थ्याच्या कुटुंबाला मिळतो त्या व्हिसावर, मला पगाराचं कुठलंच काम करता येत नाही. हे यायच्या आधी माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि मंगळवारी सकाळी दहा वाजता मुलगी शाळेत, नवरा वर्गात आणि आपण धाकट्याला घेऊन खिडकीत, हे वेगळं.

त्याहून जास्त टोचतंय ते प्रार्थनेचं. कॅम्पसवर विद्यार्थ्यांच्या बायकांचा एक प्रार्थना गट आहे, चांगल्या आहेत सगळ्या. गोल बसून एकेकीने प्रार्थना करायची. माझी पाळी आली आणि तोंडातून शब्दच फुटेना. इंग्रजी येतं मला, गणित इंग्रजीतूनच शिकवायचे, पण देवाशी मी आयुष्यात कधी इंग्रजीत बोललेले नाही. नुसतं आमेन म्हणून पुढचीचा हात दाबला. घरी येऊन खूप रडले. मुलीने पाहिलं, जवळ आली आणि म्हणाली, "आई, तू तुझ्या भाषेत कर ना प्रार्थना, देवाला येते ती." किती प्रेमाने म्हणाली, पण मी त्या "तुझ्या" शब्दापाशीच अडकले. आठ महिन्यांपूर्वी ती तिचीही होती.

आणि नवरा जेवताना सांगतो, "आज आम्ही रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय घेतला," बायबलमधलं पौलाचं पत्र. आम्ही म्हणजे तो आणि त्याचा वर्ग. चुकीचं काहीच नाही त्यात. पण मी त्या आम्हीमध्ये नाही आणि इथे माझं दुसरं कुठलं आम्ही नाही.

तो प्रभूच्या कामासाठी आलाय, मग मी हे बोलणं म्हणजे अविश्वास आहे का, असंही वाटतं. ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांनी प्लीज लिहा. घरची प्रार्थना कोणत्या भाषेत करता? मुलांचं काय केलंत? दिवस कसा घालवलात?

दीपस्तंभ | सोमवार, सकाळी ६:१५

ताई, मी पण एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, देवशास्त्रात पीएचडी, दुसरं वर्ष. बाकीच्या गोष्टींवर इथल्या अनुभवी लोकांनी बोलावं, मी फक्त व्हिसाचं लिहितो कारण त्यात बरेच गैरसमज दिसतात.

एफ-२ वर काम नाही हे बरोबर, पण शिकता येतं. पूर्णवेळ नाही, पण मान्यताप्राप्त संस्थेत अर्धवेळ कोर्स करायला २०१५ पासून परवानगी आहे. तुमच्याच सेमिनरीत विचारा, बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्याच्या जोडीदाराला कमी फीमध्ये किंवा क्रेडिटशिवाय वर्गात बसू देतात. मुलांना शाळेत पूर्णवेळ जाता येतंच. कुणी जे-१ (एक्स्चेंज व्हिसा) वर आलं असेल तर त्यांच्या जे-२ जोडीदाराला वर्क परमिटसाठी अर्ज करता येतो, एफ-२ ला ती सोय नाही, हे कोर्स आणि स्पॉन्सर ठरवतानाच बघायला हवं आणि बहुतेकांना ते इथे आल्यावर कळतं.

भावांसाठी एक महत्त्वाचं. एफ-१ वर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम. बाहेरच्या एखाद्या मंडळीने उपदेशानंतर पाकीट हातात ठेवलं तर प्रेमाने दिलेलं असलं तरी घेण्याआधी इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला विचारा. फील्ड एज्युकेशनचे, म्हणजे कोर्समधल्या प्रत्यक्ष सेवेच्या प्रशिक्षणाचे, पैसे मिळणार असतील तर त्याचीही परवानगी आधी. सेवा करणाऱ्या माणसाचे कागद स्वच्छ असायला हवेत.

अजून एक, ब्रिटनचा विचार करणाऱ्यांसाठी. तिथे जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या कोर्सना बहुतेक मास्टर्स विद्यार्थ्यांना कुटुंब आणता येत नाही, संशोधनाची पदवी असेल किंवा सरकारी स्कॉलरशिप असेल तरच. माझ्या ओळखीतला एक भाऊ हे न बघता अ‍ॅडमिशन घेऊन बसला होता.

मोहरीदाणा | सोमवार, दुपारी २:०५

बाळ, तुझं वाचून हातातलं काम ठेवलं आणि लिहायला बसले. मी पाळकाची बायको, आता साठी ओलांडलीय. आम्ही परदेशात चार वर्षं होतो, दोन लेकरं घेऊन, त्यातलं एक तिथेच जन्मलं. तेव्हा फोन महिन्यातून एकदा, तोही घड्याळ समोर ठेवून.

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं. अविश्वास नाही हा. स्तोत्रसंहिता उघड, कितीतरी ठिकाणी कुणीतरी देवापुढे रडतंय, विचारतंय, किती वेळ म्हणून. १३७ वं स्तोत्र वाच, बाबेलच्या नद्यांकाठी बसलेली माणसं, वीणा झाडांना टांगून ठेवलेल्या, परक्या देशात परमेश्वराचं गीत गायचं तरी कसं असा त्यांचा सवाल. देवाने ते शास्त्रातून काढून टाकलं नाही. तुझ्या गळ्यात अडकलेला शब्द हीच तुझी त्या दिवसाची प्रार्थना होती असं मी समजते, रोमकरांसच्या त्याच आठव्या अध्यायात आहे ना, आपल्याला कसं मागावं ते कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः कण्हतो. नवऱ्याला सांग, हा भाग माझ्याकडून शिक.

आता जरा कठोर बोलते, तुला नाही, आपल्या सगळ्या ख्रिस्ती घरांना. इंग्लंडहून बंगालात आलेला मिशनरी विल्यम केरी, त्याचं नाव आपण किती आदराने घेतो, त्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला, आपल्या भाषेवर त्याचे उपकार आहेत. पण डोरोथीचं नाव किती जणांना माहीत आहे? त्याची बायको. १७९३ मध्ये निघायचं ठरलं तेव्हा ती नाही म्हणाली होती, पोटात बाळ होतं. मग जहाज लांबलं, बाळ जन्मलं, केरी पुन्हा घरी आला, पुन्हा समजावलं, बहीण सोबत येत असेल तर येते म्हणाली. बंगालात पोचल्यावर राहायला धड घर नाही, आजारपण, आणि १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर गेला. त्यानंतर तिचं मन जे ढासळलं ते सावरलंच नाही. १८०७ मध्ये ती वारली. केरी शेजारच्या खोलीत बसून भाषांतरं करत होता आणि ती असायची तशी असायची. मी हे केरीला दोष द्यायला सांगत नाही. त्या काळी या आजाराला नावही नीट नव्हतं, औषध नव्हतं. पण आज आहे. तुझ्या सेमिनरीत काउन्सेलर असेल, कुटुंबालाही भेटता येतं बहुतेक ठिकाणी, जाऊन ये. पाळकाच्या बायकोने काउन्सेलरकडे जायचं म्हणजे कमीपणा, असं तुला कुणी सांगितलं तर माझं नाव सांग.

भाषेचं मी काय केलं ते लिहिते. घरची प्रार्थना मराठीतच, रोज, दहा मिनिटं का होईना. मुलांनी इंग्रजीत उत्तर दिलं तरी चालेल, पण वाचन मराठीत, गीत मराठीत. धाकटीला अर्थ कळायचा नाही तरी चाल पाठ होती. अजूनही आहे.

जैतूनपान | सोमवार, रात्री १०:२०

मोहरीदाणा काकू, दोनदा वाचलं. डोरोथीबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. नवऱ्यालाही वाचून दाखवलं, तो बराच वेळ गप्प बसला. दीपस्तंभ दादा, अर्धवेळ कोर्सचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, उद्या ऑफिसला मेल करते.

वेलीवरची | मंगळवार, सकाळी ९:३०

मला थोडं वेगळं वाटतं, राग मानू नका. आम्ही सहा वर्षं बाहेर आहोत, नवरा आता एका स्थानिक मंडळीत सहायक पाळक आहे. पहिली दोन वर्षं मी दर रविवारी दीड तास गाडीने जाऊन आपल्या भाषेची उपासना शोधायचे आणि सोमवार ते शनिवार तिची वाट बघायचे. राहते त्या गल्लीत मी कुणालाच ओळखत नव्हते. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलच्या बंदिवासात गेलेल्यांना पत्र लिहिलं, २९ वा अध्याय, तिथे घरं बांधा, बागा लावा, त्या नगराचं कल्याण मागा. देवाने त्यांना बॅग भरून दाराशी बसायला सांगितलं नाही. मी शेवटी चालत जाता येईल अशी मंडळी धरली, तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने मला तिच्यासोबत नुसतं बसायला सांगितलं, ती प्रार्थना करायची, मी ऐकायचे, सात-आठ महिन्यांनी माझं एक वाक्य निघालं. तुटकं होतं. तिने डोळे पुसले.

मुलांवर मराठीचा आग्रह धरला तर त्यांना प्रार्थनाच नको वाटेल अशी मला भीती वाटते. देव भाषेपेक्षा मोठा आहे.

मोहरीदाणा | मंगळवार, सकाळी ११:१०

बरोबर आहे गं तुझं, मंडळी जवळचीच धरावी. पण देव मोठा आहे म्हणून भाषा सोडा हे मला पटत नाही. पन्नासाव्या दिवशी, पवित्र आत्मा उतरला तेव्हा, यरुशलेमेत जमलेल्या सगळ्यांना एकच भाषा समजायला लागली असं झालं नाही, प्रत्येकाने आपापल्या जन्मभाषेत ऐकलं. देवाला सोय करायची असती तर उलटं केलं असतं.

तंबूवाला | मंगळवार, रात्री ११:५५

ताई, मी तुमच्या नवऱ्याच्या जागेवरून लिहितोय. मला हे लिहायला जड जातंय पण कुणाच्या उपयोगी पडलं तर बरं.

माझं पहिलं वर्ष असं गेलं की सकाळी साडेपाचला उठून ग्रीक शब्द, मग चॅपल, वर्ग, लायब्ररी, रात्री दहाला घरी, शनिवारी फील्ड एज्युकेशन, रविवारी मंडळी. मला वाटायचं मी प्रभूसाठी झिजतोय. बायकोला कंबरदुखीचा एवढा त्रास होता की तिला बाळाला उचलता येत नव्हतं आणि हे मला कुणी सांगितलं तर शेजारच्या बाईने. एका घरात राहत होतो आम्ही. त्याच आठवड्यात मला १ तीमथ्य ३ वर पेपर लिहायचा होता, जो स्वतःच्या घराची व्यवस्था नीट ठेवत नाही तो देवाच्या मंडळीची काळजी कशी घेणार. मी त्या वाक्यातल्या क्रियापदावर चार पानं लिहिली होती, ते क्रियापद पुढे उभं राहून सांभाळणं या अर्थाचं आहे वगैरे. शेजारीण गेल्यावर ती पानं समोर घेऊन बसलो आणि पुढे एक ओळ लिहवेना. दुसऱ्या दिवशी प्रोफेसरना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी पेपरची तारीख पुढे ढकलली आणि विचारलं, तीन वर्षांत संपवायची सक्ती कुणी केलीय तुला?

मग आम्ही चार वर्षं केली. दर सेमिस्टरला एक विषय कमी. व्हिसासाठी पूर्णवेळ म्हणून किमान किती क्रेडिट लागतात ते ऑफिसला विचारून, त्याच्या खाली न जाता, आय-२०, म्हणजे सेमिनरीने व्हिसासाठी दिलेला कागद, वेळेत वाढवून घेतला. एम.डिव.ला साधारण ७२ पासून नव्वदच्या आसपास क्रेडिट असतात, ते सगळे तीन वर्षांत कोंबले की घरासाठी काय उरतं ते तुम्ही बघताच आहात. एका वर्षाचा खर्च वाढला, स्कॉलरशिप देणाऱ्यांना पत्र लिहावं लागलं, लाज वाटली. पण त्या चौथ्या वर्षाबद्दल मला कधीच पश्चात्ताप झालेला नाही.

आणि एक. आम्ही प्रेषितांची कृत्ये १८ घरी एकत्र वाचला, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला. रोमी सम्राट क्लौद्याने यहुद्यांना रोम सोडायला लावलं म्हणून करिंथला आलेलं जोडपं, राहुट्या बनवून पोट भरणारं, पुढे इफिसात जाऊन अपुल्लोसारख्या विद्वानाला दोघांनी घरी बोलावून जास्त नीट समजावून सांगितलं. नव्या करारात सहा वेळा त्यांचा उल्लेख येतो आणि दर वेळी दोघांचा मिळून, त्यात चार वेळा तिचं नाव आधी. मी वर्गात हे शिकलो होतो, पण माझ्या बायकोने विचारलं, मग मला का नाही बोलावत तुझ्या अभ्यासाला? तेव्हापासून प्रत्येक उपदेश आधी तिच्यापुढे. ती जिथे थांबवते तिथे मंडळीही अडखळली असती, हे मला आता कळतं.

गेर्षोम | बुधवार, सायंकाळी ५:४५

मी या धाग्यातलं मूल आहे :) म्हणजे होतो. आईवडील सेमिनरीसाठी बाहेर गेले तेव्हा मी सहाचा, परत आलो तेव्हा दहाचा.

नाव मुद्दाम घेतलंय. मोशे मिद्यानात परका म्हणून राहिला, तिथे सिप्पोरेपासून मुलगा झाला त्याचं नाव गेर्षोम ठेवलं, मी परदेशात परका झालो असं म्हणून. मला लहानपणी वाटायचं, बापाचं परकेपण मुलाच्या नावात कशाला? आता वाटतं निदान मोशेने ते लपवलं तरी नाही.

रूथ आणि जॉन यूसीम हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात भारतात येऊन इथे राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होते, त्यातून तिसऱ्या संस्कृतीतली मुलं हा शब्दप्रयोग आला. आईबापांची एक संस्कृती, राहतो त्या देशाची दुसरी, आणि मुलं दोन्हींच्या मधे स्वतःची एक तिसरी करतात. मला हे कॉलेजात कळलं तेव्हा एकदम हलकं वाटलं, माझ्यात काही बिघडलेलं नाही, याला नाव आहे.

जाण्याची तयारी सगळे करतात, परत येण्याची कुणी करत नाही. मला जाताना त्रास झाला नाही, आल्यावर झाला. शाळेत माझ्या उच्चारांना हसायचे, मराठी वाचता यायचं नाही, संडे स्कूलमध्ये शास्त्रभाग वाचायला उभं केलं की घाम फुटायचा, आणि पाळकाचा मुलगा म्हणून सगळ्यांची अपेक्षा की याला तर सगळं यायलाच हवं. माझ्या आईने तिथे रोज मराठी बोलणं चालू ठेवलं होतं, त्यामुळे ऐकून सगळं समजायचं, पण वाचायला शिकवायला तिला वेळ झाला नाही. ताई, मुलीला देवनागरी वाचायला शिकवा, रोज पाच ओळी. वेलीवरची ताईंची काळजी मला समजते, पण मला प्रार्थना कधी नकोशी झाली नाही, मला फक्त परत आल्यावर मुकं व्हायला झालं.

आणि तुमच्या मुलीला सांगा की तुम्ही रडलात ते का. आई बाथरूममध्ये नळ सोडून रडायची, आम्हाला ऐकू यायचं. मला वाटायचं माझ्यामुळे.

पाऊलखुणा | गुरुवार, दुपारी १२:३०

मी ख्रिस्ती नाही, पण नवऱ्याच्या पीएचडीसाठी पाच वर्षं याच व्हिसावर काढली. त्या शांत मंगळवारच्या सकाळी माझ्याही होत्या. एकच लिहिते. कल्चर शॉक हा शब्द रूढ करणारे मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग, त्यांनी १९६० मध्ये याचे टप्पे लिहिले, आधी सगळं नवं छान वाटतं, मग संकट, मग हळूहळू सावरणं. गंमत म्हणजे तो लेख मिशनरी आणि बायबल भाषांतरकार वाचायचे अशा नियतकालिकात आला होता, म्हणजे तुमच्या लोकांना हे फार आधीपासून माहीत असणार. माझा अनुभव, सहावा ते दहावा महिना सर्वात वाईट. तुम्ही बरोबर मधोमध आहात. या महिन्यांत परत जाण्याचा किंवा कुठलाच मोठा निर्णय घेऊ नका. आणि गणित सोडू नका हो! लायब्ररीत शाळकरी मुलांना मोफत शिकवा, स्वयंसेवा खरोखर विनामोबदला असेल तर चालते, तरी एकदा ऑफिसला विचारून घ्या.

शब्दवेल | गुरुवार, रात्री ९:१५

मी बायबल भाषांतराच्या कामात आहे. जैतूनपान ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये "मी त्या आम्हीमध्ये नाही" असं लिहिलं, ते वाक्य चार दिवस डोक्यातून जात नाहीये, कारण आमच्या कामात हा रोजचा प्रश्न आहे.

मराठीत दोन आहेत, आम्ही आणि आपण. ऐकणारा धरून की सोडून, हे ठरवल्याशिवाय मराठी माणसाला वाक्यच बोलता येत नाही. ग्रीकमध्ये एकच, हिब्रूत एकच, इंग्रजीतही एकच. त्यामुळे मूळ लेखकाने जे ठरवलंच नव्हतं ते आम्हाला दर ओळीत ठरवावं लागतं. प्रभूच्या प्रार्थनेत "आमच्या पित्या", कारण देवालाच हाक मारतोय, तो त्या आमच्यात येत नाही. उत्पत्तीत देव म्हणतो माणूस घडवू, तिथे मात्र "आपण"शिवाय गत्यंतर नाही. पौलाच्या पत्रांत तर पानापानाला भांडण, इथे तो फक्त स्वतःच्या सोबत्यांबद्दल बोलतोय की वाचणाऱ्या मंडळीलाही धरून?

सगळ्यात अवघड मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली होडी. वादळ, पाणी आत येतंय, येशू मागे उशीवर झोपलेला, शिष्य उठवतात. ग्रीकमध्ये एकच क्रियापद आहे, अपोल्लुमेथा, त्यातला शेवटचा मेथा म्हणजे आम्ही किंवा आपण, संस्कृतच्या आत्मनेपदातल्या महि प्रत्ययाचा सख्खा नातेवाईक. तुमच्या नवऱ्याला हे सांगा, मराठी माणसाला संस्कृतची तोंडओळख असेल तर ग्रीक बरंच सोपं जातं, विभक्ती आणि तीन लिंगं तर आपल्या घरचीच. तर प्रश्न असा, शिष्य काय म्हणाले, "आम्ही बुडतोय" की "आपण बुडतोय"? पहिलं म्हटलं तर ते येशूला बाहेर ठेवतायत. दुसरं म्हटलं तर त्यालाही आपल्यासारखाच बुडणारा समजतायत. ग्रीक गप्प आहे. मराठीला गप्प राहता येत नाही.

तुमच्या मुलीच्या "तुझ्या भाषेत" मध्ये हेच झालं, तिने "आपल्या" न म्हणता "तुझ्या" म्हटलं, पण वाक्य मराठीतच केलं. म्हणजे तिची मराठी अजून जिवंत आहे ताई, तुम्ही समजता त्यापेक्षा बरीच.

पंडिता रमाबाईंची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सिस्टर्सकडे, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींकडे राहिल्या, तिथेच बाप्तिस्मा झाला, पुढे चेल्टनहॅमला संस्कृत शिकवलं. विधवा बाई, लहान मूल, परका देश, डॉक्टर व्हायला गेल्या आणि कमी ऐकू येतं म्हणून तेही राहून गेलं. पण त्यांनी नंतर काय केलं बघा, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत, १९२२ मध्ये वारल्या त्या जवळजवळ ते काम हातावेगळं करूनच. परदेशात शिकलेलं सगळं त्यांनी आणून आपल्या भाषेत ओतलं.

जैतूनपान | सहा आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ८:५०

सगळ्यांना उत्तर द्यायचं राहून गेलं, त्याला कारण आहे, मला वेळ मिळत नाहीये आता :) सविस्तर लिहिते.

पुढच्या सेमिस्टरपासून मी ग्रीकच्या वर्गात बसणार आहे. ऑफिसने सांगितलं क्रेडिटशिवाय चालेल, फी अगदी थोडी. सध्या नवऱ्याच्या फ्लॅशकार्डांवर मीच त्याची परीक्षा घेते, आणि विभक्तीचे तक्ते मला त्याच्याआधी पाठ झालेत, गणितवालीला तक्ते आवडतात. लायब्ररीत बुधवारी दोन मुलांना अपूर्णांक शिकवते.

काउन्सेलरकडे तीनदा जाऊन आले. पहिल्या वेळी काही बोललेच नाही फारसं. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, पण काकू, तुम्ही म्हणालात म्हणून गेले.

गेर्षोम दादा, मुलीला सांगितलं मी का रडले ते. तिने विचारलं, "मी चुकीचं बोलले का?" म्हटलं नाही गं, मला फक्त भीती वाटली की तुला ती भाषा तुझी वाटत नाही. तर म्हणाली, शाळेत तिला कुणी मराठीत बोलताना ऐकलं की सगळे वळून बघतात, म्हणून घरी पण ती जपून बोलते. हे मला आठ महिन्यांत माहीत नव्हतं. आता रोज पाच ओळी वाचतो, जोडाक्षरं तिला आवडत नाहीत, "ख्रिस्त" मात्र झोकात वाचते.

नवऱ्याने सोमवारची संध्याकाळ मोकळी केली. तंबूवाला दादांची पोस्ट त्याने तीनदा वाचलीय. चौथ्या वर्षाचं अजून ठरत नाही, स्कॉलरशिपचं उत्तर यायचंय.

आणि प्रार्थना गट. वेलीवरची ताई, मी त्यांना सांगितलं की मला तुमच्या भाषेत जमत नाहीये, मी माझ्या भाषेत करू का. एक क्षण शांतता, मग एकजण म्हणाली, आम्ही इतके महिने विचारलं कसं नाही तुला. मी मराठीत केली. कुणालाच कळली नाही आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं. पुढच्या आठवड्यात कोरियाच्या बहिणीने कोरियनमध्ये केली.

शब्दवेल, तुमची पोस्ट आम्ही घरच्या प्रार्थनेत घेतली. मार्क ४ वाचला, नवऱ्याने मुलीला विचारलं, शिष्य काय म्हणाले असतील, आम्ही बुडतोय की आपण? तिने विचारलं, "येशू पण त्याच बोटीत आहे ना?" हो. "मग आपण."

नवरा काही बोलला नाही, वहीत लिहून ठेवलं.

नवी_वाट | रविवार, सकाळी ७:३०

अख्खा धागा एका बैठकीत वाचला. आम्ही ऑगस्टमध्ये निघतोय, नवरा बीडी (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) झालाय, आता टीएच.एम.साठी (मास्टर ऑफ थिऑलॉजी). मुलगा पाच वर्षांचा. मनात खूप भीती आहे. ताई, सामानात काय आणायचं ते सांगाल का? दोनच बॅगा आहेत प्रत्येकी.

जैतूनपान | रविवार, दुपारी १:०५

सांगते. मुलाच्या लसीकरणाची सगळी कार्डं, डॉक्टरच्या सहीशिक्क्यासकट इंग्रजीत, शाळा त्याशिवाय बसू देत नाही, आमचं एक कार्ड राहिलं आणि दोन आठवडे मुलगी घरी होती. तुझे स्वतःचे दाखले, मार्कशीट, अनुभवाची पत्रं, नवऱ्याची नाही, तुझी, मी माझी आणली नव्हती आणि आता मागवतेय. मोठ्या अक्षरांचं मराठी बायबल, गीतांचं पुस्तक, मुलाला उजळणी आणि बाराखडीचं पुस्तक. नवऱ्याची जाड पुस्तकं आणू नकोस, लायब्ररीत सगळी आहेत. आणि निघायच्या आधी दोघांनी बसून एवढं ठरवा की आठवड्यातली कुठली संध्याकाळ घराची. आम्ही ते आल्यावर आठ महिन्यांनी ठरवलं. कुठल्या राज्यात येताय ते मेसेज करून कळव.